जॉनी कॅशचा आगगाडी ठेका गिटारवर कसा काढायचा (ड्रम नको, कागद हवा)

जॉनी कॅश हा 'कंट्री' म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण संगीतातला गायक. त्याचं 'आय वॉक द लाइन' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मागे कोणीतरी हळू हळू ड्रम वाजवतोय. ड्रम नाहीचे त्यात! १९५६ चं गाणं आहे, तेव्हा कंट्रीवाल्यांना ड्रम फारसे चालायचे नाहीत, म्हणून कॅशने स्वतःच्या गिटारच्या तारांमधे कागद खोचला आणि तोच छक्-छक् आवाज येतो.

तर आधी कागद. वहीच्या पानाची दोन बोटं रुंद पट्टी कापा, एक घडी घाला, आणि फिंगरबोर्ड जिथे संपतो तिथे एका तारेच्या वरून, पुढच्या तारेच्या खालून अशी विणत न्या. सूर पूर्ण मेला तर कागद जाड आहे, नुसती फरफर झाली तर सैल आहे, थोडं पुढेमागे सरकवून बघा. इलेक्ट्रिक असेल तर कागद नको, तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवून वाजवा, कॅशचा गिटारवाला ल्यूथर पर्किन्स तसंच करायचा.

आता ठेका. ई कॉर्ड धरा. सगळ्यात जाड तार एकटी, मग खालच्या बारीक तारांवर छोटा स्ट्रम, मग पाचवी तार एकटी, परत स्ट्रम. बूम-चिक-बूम-चिक. बस एवढंच आहे, पण दहा मिनिटं न चुकता, वेग न वाढवता वाजवून दाखवा, मग बोलू. सगळे इथेच घाई करतात (मी पण केली, अंगठा आखडला होता). ई वरून ए ला जाताना जाड तारेवर मोकळी, दुसरा फ्रेट, चौथा फ्रेट आणि मग पाचवी तार मोकळी, ही पायरी आली की लगेच कॅशसारखं वाटायला लागतं. कॅशच्याच 'फॉल्सम प्रिझन ब्लूज'ला ई, ए आणि बी सेव्हन पुरतात.

जास्त काही घुसडू नका. हा आवाज हुशारीतून आलेला नाही, येत नव्हतं म्हणून आलाय. कॅश अर्कान्सामधे कापसाच्या शेतात वाढलेला, १९५० मधे एअर फोर्समधे गेला, जर्मनीत रशियन मोर्स संदेश ऐकायची ड्युटी, तिथेच स्वस्तातली गिटार घेतली. परत येऊन मेम्फिसला दारोदार सामान विकत होता. ल्यूथर आणि बासवाला मार्शल ग्रँट दोघं गाड्यांचे मेकॅनिक. तिघांना जेवढं झेपत होतं तेवढंच ते वाजवायचे, आणि सन रेकॉर्ड्स कंपनीच्या सॅम फिलिप्सने १९५५ मधे तेच रेकॉर्ड केलं.

गाताना एक गंमत करून बघा. 'आय वॉक द लाइन'मधे दर कडव्याला पट्टी बदलते, म्हणून कॅश आधी 'हूं' करून सूर पकडतो, आणि शेवटचं कडवं पहिल्यापेक्षा अख्खं सप्तक खाली. तेवढं खाली गेलं नाही तर ताणू नका, आपला गळा आपला.

वेगासाठी आधी स्टुडिओवालं रेकॉर्डिंग लावा. १३ जानेवारी १९६८ ला कॅशने कॅलिफोर्नियातल्या फॉल्समच्या तुरुंगात केलेला कार्यक्रम नंतर ऐका, तो भन्नाटच आहे पण तिथे बँडमधे खरा ड्रमर आहे, त्याच्या नादाला लागलात तर कागदाचा आवाज ऐकूच येणार नाही. आणि 'फॉल्सम प्रिझन ब्लूज'मधल्या रीनोवाल्या ओळीला (रीनो गावात एकाला गोळी घातली, फक्त त्याला मरताना बघायला, अशी ती ओळ) कैदी जे ओरडतात ना, ते ओरडणं नंतर स्टुडिओत चिकटवलंय, तिथे थांबून हशा-टाळ्यांची वाट बघू नका 😄

कागद दोन-तीन गाण्यांत फाटतो. चार पट्ट्या आधीच कापून खिशात ठेवा.