कंप्लायन्सचा खर्च फाटकावरच कमी होतो

बी.कॉम. करून जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात किंवा डाळ मिलमध्ये लागलात, की हातात कंप्लायन्सच्या, म्हणजे सरकारी नियम पाळण्याच्या, तारखा पडतात : ७ ला टीडीएस (कापून घेतलेला आयकर), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १५ ला पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा विमा), २० ला जीएसटीआर-३बी (जीएसटीचा हिशेब आणि भरणा). त्या पाठ कराच. पण पैसा खरा जातो तो एकदा झालेलं काम पुन्हा करण्यात.

हे मला आमच्या क्वालिटी विभागातल्या माणसांनी दाखवलं. आर्मंड फायगेनबॉम यांनी १९५६ मध्ये गुणवत्तेच्या खर्चाचे भाग पाडले : चूक टाळण्याचा, तपासणीचा आणि झालेली चूक निस्तरण्याचा. सीएची फी, सॉफ्टवेअरचं भाडं सगळ्यांना दिसतं. निस्तरण्यात गेलेले तास कुठल्याच खात्यात दिसत नाहीत. म्हणून आधी एक वही घाला. काय परत करावं लागलं, किती वेळ गेला, घोळ कुठे सुरू झाला, एवढंच लिहा. महिनाअखेरीला दोन-तीन कारणांनीच बहुतेक वेळ खाल्लेला दिसेल. यालाच परेटोचा नियम म्हणतात.

आमच्याकडे सगळ्यात वर होता नावांचा घोळ. पीएफचं काम अडायचं. का? आधारवरचं नाव आणि मस्टरवरचं, म्हणजे हजेरीपटावरचं, नाव जुळत नव्हतं. का? मुकादमानं ऐकून लिहिलं होतं. का? चोपडा-शहाद्याकडून आलेला माणूस सकाळी आला की थेट मशीनवर जायचा, कागद नंतर यायचे. मग फाटकावरच आधार समोर ठेवून नाव, जन्मतारीख आणि जुना यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) लिहायला लागलो. त्याशिवाय गेटपास नाही. मुकादम कुरकुरले, कारण भरतीच्या सकाळी रांग लागते. तरी मी हट्ट सोडला नाही. तो पैसा कामगाराचा आहे, आणि त्याच्या नावावर वेळेत पडलाच पाहिजे.

मालकाला पटवायचं तर उशिराची किंमत सांगा. पीएफ थकला की वर्षाला १२ टक्के व्याज, वर नुकसानभरपाई. शिवाय सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं होतं, की तेव्हाच्या आयकर कायद्यानुसार कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा पीएफच्या मुदतीत भरला नाही, तर त्याची वजावट मिळत नाही.

तपासणारी माणसं वाढवायची सूचना नेहमी येते. मला ती पटत नाही. ऑफिसात सापडलेली चूक फाटकावरच्या चुकीपेक्षा कितीतरी महाग पडते. वापरलेलं ऑइल, रंगाचे रिकामे डबे यांचंही तेच : घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण ३० जूनपर्यंत जातं, पण त्याची नोंद रोज, बॅरलपाशी उभं राहूनच व्हायला हवी.