ग्राहकाचा भागीदार होण्यापूर्वी

भोसरी आणि चाकण भागातील लहान कारखान्यांना उत्पादन नियोजन व खर्च नियंत्रणाबाबत सल्ला देणे हा माझा व्यवसाय आहे. या कामात थोडे स्थिरावलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी एक प्रस्ताव येतोच : "साहेब, दर महिन्याला बिल कशाला पाठवता, सरळ भागीदार व्हा." मालकाचा विश्वास बसल्याची ती खूण असते हे खरे, परंतु फी थकू लागली की असा जिव्हाळा अधिकच वाढतो, असेही मी पाहिले आहे. त्यामुळे प्रस्ताव आला की मी आधी माझी येणेबाकी तपासतो.

सल्लागार हा कारखान्याचा धनको असतो. सरकारकडे उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु सेवा-व्यवसायाला २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याचे संरक्षण मिळते. लेखी करारातही देयकासाठी ४५ दिवसांहून अधिक मुदत ठेवता येत नाही आणि उशीर झाल्यास व्याज मागता येते. भागीदाराची जागा मात्र रांगेत शेवटी असते. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार संस्था विसर्जित होताना आधी बाहेरची देणी, मग भागीदारांनी दिलेली कर्जे आणि त्यानंतर भांडवल असा परतफेडीचा क्रम आहे. शिवाय संस्थेच्या संपूर्ण देण्यासाठी कोणत्याही एका भागीदाराला जबाबदार धरता येते. आपण येण्यापूर्वीच्या देण्यांची जबाबदारी कायद्याने आपोआप आपल्यावर येत नाही, पण आपण घातलेले भांडवल जुन्या पुरवठादारांची उधारी भागवण्यातच जाऊ शकते. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था, केल्याने जबाबदारी मर्यादित होते खरी, तरी कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलासाठीचे कर्ज) देताना बँक सहसा वैयक्तिक हमी मागतेच.

चार्टर्ड अकाउंटंट आणि वकील यांनी तर आपल्या परिषदेचे नियम वाचल्याशिवाय होकारच देऊ नये. कंपनी कायदा, २०१३ नुसार लेखापरीक्षकाला ज्या कंपनीचे लेखापरीक्षण करायचे, तिचा एकही शेअर स्वतःकडे ठेवता येत नाही.

पैशांपेक्षा मोठा प्रश्न इतर ग्राहकांचा आहे. माझे काम कारखान्याचे कॉस्टिंग, दर आणि रिजेक्शनच्या (नाकारल्या गेलेल्या सदोष मालाच्या) नोंदी पाहिल्याशिवाय होत नाही. उद्या मी एका टर्निंगच्या (लेथवर धातूचे भाग घडवण्याच्या) कारखान्यात भागीदार झालो, तर तेच काम करणारा शेजारचा मालक ही कागदपत्रे माझ्यासमोर का उघडेल? आणि उघडली, तर मी ती कोणत्या नात्याने वाचायची? एका भागीदारीपायी एका उद्योगातील संपूर्ण सल्लाव्यवसाय सोडावा लागू शकतो, आणि ही किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. शिवाय एखाद्याच मोठ्या गिऱ्हाइकाच्या तोंडी आश्वासनावर मालक कर्ज काढून नवे व्हीएमसी (संगणक-नियंत्रित मिलिंग) मशीन घ्यायला निघाला, तर सल्लागार "नको" म्हणून मोकळा होतो. भागीदाराला त्याच कर्जावर सही करावी लागते.

म्हणून मी बहुतेक प्रस्ताव नाकारले. एक स्वीकारला, तोही मालकाच्या जुन्या कारखान्यात नव्हे, तर वेगळ्या उत्पादनासाठी स्थापन केलेल्या एलएलपीत. तिथे सर्वाधिक चर्चा झाली ती जॉबवर्कच्या (बाहेरून करून घेतलेल्या कामाच्या) दरावर, कारण सुटे भाग त्याच्याच जुन्या कारखान्यातून येणार होते, म्हणजे तो खरेदीदारही होता आणि विक्रेताही. तो दर आणि त्याचा वार्षिक फेरआढावा त्रयस्थ कॉस्ट अकाउंटंटकडे सोपवला. माझ्या कामाचा मोबदलाही करारात लिहून घेतला. करार मौन असेल तर एलएलपी कायद्यानुसार नफा समान वाटला जातो आणि व्यवस्थापनासाठी कोणत्याही भागीदाराला वेगळा मोबदला मिळत नाही, हे नवख्या सल्लागाराला सहसा माहीत नसते.

मालकाला तुमचा वाटा परिणामांशी बांधायचा असेल, तर भागीदारीऐवजी ठरलेली मासिक फी आणि बचतीतील टक्का असा करार सुचवावा. ही बचत मोजता यावी म्हणून मागील सहा महिन्यांचे सरासरी रिजेक्शन किती, हा आकडा काम सुरू होण्यापूर्वी मालक आणि क्वालिटी विभागाचा प्रमुख या दोघांच्याही सहीने कागदावर यायला हवा.