इस्रायली वसाहतीची कायदेशीर स्थिती कशी तपासावी

एखादी वसाहत ‘बेकायदा’ असल्याचे वाचले की आधी विचारा: कोणत्या कायद्याने? निम्मा घोळ तिथेच सुटतो.

सुरुवात नकाशापासून करा. गाव 1949 च्या ग्रीन लाइनपलीकडे (इस्रायल आणि शेजारी देशांमधली युद्धबंदी रेषा), 1967 मध्ये इस्रायलने जॉर्डनकडून घेतलेल्या वेस्ट बँकेत असेल, तर चौथ्या जिनिव्हा कराराचे कलम 49 आड येते. ताबा घेणाऱ्या देशाने आपले नागरिक ताब्यातल्या प्रदेशात वसवायचे नाहीत, असे ते सांगते. सुरक्षा परिषदेचा 2016 चा ठराव 2334 आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाची 2004 व 2024 ची सल्लागार मते याच बाजूची आहेत. इस्रायलला हे मान्य नाही. जॉर्डनचे तिथले सार्वभौमत्व जगाने फारसे मानलेच नव्हते, म्हणून प्रदेश ‘ताब्यातला’ नव्हे, ‘वादग्रस्त’ आहे, असा त्याचा युक्तिवाद.

मग इस्रायली कायदा. सरकारचा स्थापनेचा निर्णय, जमिनीचा हक्क, मंजूर आराखडा आणि लष्करी कमांडरने आखलेली हद्द, हे चार कागद शोधा. सरकारी निर्णयाविना उभी राहिलेली वस्ती म्हणजे ‘आउटपोस्ट’, इस्रायलच्या लेखीही बेकायदा. आउटपोस्टची तपासणी करणाऱ्या 2005 च्या सॅसन अहवालाने, जो इस्रायली सरकारनेच मागवला होता, याच कसोट्या लावल्या.

खरी गुंतागुंत जमिनीत आहे. पूर्वी लष्करी गरज दाखवून खासगी जमीन घेतली जाई. 1979 मध्ये एलोन मोरे या वसाहतीच्या प्रकरणात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वाट अडवली. आपण तात्पुरत्या सुरक्षेसाठी नव्हे, कायमचे राहायला आलो आहोत, हे वसाहतकऱ्यांनीच न्यायालयात सांगून टाकले होते! त्यानंतर भर आला ‘सरकारी जमीन’ जाहीर करण्यावर. आधार 1858 च्या ऑटोमन (तुर्की साम्राज्याच्या) जमीन कायद्याचा: ‘मिरी’ प्रकारची, म्हणजे अंतिम मालकी सरकारची पण कसण्याचा हक्क शेतकऱ्याचा असलेली जमीन सलग 3 वर्षे पडीक राहिली की सरकारकडे जाऊ शकते. म्हणून कसणूक दाखवणारे जुने हवाई फोटो इथे पुरावा ठरतात. नोंद सापडली नाही म्हणून जमिनीला मालकच नाही, असे मात्र धरू नका. 1968 मध्ये लष्करी आदेशाने जमीन नोंदणीचे काम थांबले, त्यामुळे पुष्कळ पॅलेस्टिनी शेतकऱ्यांकडे फार तर कराच्या पावत्या असतात.

स्थापनेचे वर्षही दोनदा तपासा. वेस्ट बँकेतल्या ओफ्रा या वसाहतीत 1975 मध्ये लोक शिरले ते ‘कामगार छावणी’ म्हणून, जॉर्डनच्या जुन्या लष्करी तळावर. सरकारी मान्यता आली 1977 मध्ये. मान्यता मिळाली म्हणून प्रत्येक घर कायदेशीर होत नाही. खासगी पॅलेस्टिनी जमिनीवरची ओफ्रातली 9 घरे न्यायालयाच्या आदेशाने 2017 मध्ये पाडली गेली. तेव्हा गावाच्या नावावर थांबू नका, भूखंडापर्यंत जा.