निवृत्तीसाठी पिट्सबर्ग: येण्याआधी हे वाचा

न्यू जर्सीतलं किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियातलं घर विकून स्वस्त शहर शोधणारी मराठी जोडपी आमच्याकडे चौकशी करतात. पहिला प्रश्न ठरलेला: तिथे टॅक्स किती? टॅक्सचं सांगतेच, पण आधी माझा एक प्रश्न. तुम्हा दोघांपैकी जो गाडी चालवतो त्याचं ड्रायव्हिंग उद्या सुटलं, तर दूध, डॉक्टर आणि देऊळ या तिन्हींची सोय काय? पासष्टीला घर घेताना हे कोणी मनावर घेत नाही. मोतीबिंदू, गुडघे, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनी दिपणारे डोळे, हे सगळं त्यानंतरच्या पंधरा वर्षांत येतं आणि शहर निवडायचं ते त्या पंधरा वर्षांसाठी.

फ्लोरिडात आणि टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, हे खरं. पण टेक्ससचा प्रॉपर्टी टॅक्स त्यातलं बरंचसं परत घेतो आणि वादळांमुळे फ्लोरिडातला घराचा विमा भल्याभल्यांना घाम फोडतो. शिवाय तिकडच्या नव्या वसाहतींमध्ये कोथिंबिरीच्या जुडीसाठीही गाडी काढावी लागते. ज्यांची मुलं-नातवंडं डॅलसला आहेत त्यांनी खुशाल डॅलसला जावं, नातवंडांपुढे माझं शहाणपण चालायचं नाही. ज्यांची मुलं दोन किनाऱ्यांना विखुरली आहेत त्यांच्यासाठी हे पिट्सबर्गपुराण.

इथली घरं तुमच्याकडच्या मानाने स्वस्त, कारण गाव दुप्पट माणसांसाठी बांधलेलं आहे. १९५०च्या जनगणनेत इथे पावणेसात लाख लोक होते, २०२०मध्ये तीन लाखांहून थोडे जास्त. १९८०च्या दशकात पोलादाचे कारखाने धडाधड बंद पडले, तरुण मंडळी पोटापाण्यासाठी बाहेर गेली, पण पोलादसम्राट कारनेगीसारख्यांच्या पैशांतून उभी राहिलेली ग्रंथालयं, संग्रहालयं आणि विद्यापीठं जागच्या जागी राहिली. आज ती वापरायला आपण आहोत.

आणि बस. पेनसिल्व्हेनियात, म्हणजे पिट्सबर्गच्या राज्यात, वयाची ६५ पूर्ण झाली की नेहमीच्या मार्गांवरचा बसप्रवास फुकट. खर्च राज्याच्या लॉटरीतून निघतो, म्हणजे तिकीट न काढताच लॉटरी लागल्यासारखं. वयाचा पुरावा दाखवून ज्येष्ठांचं कार्ड काढून घ्या. त्यावर 'टी' नावाची ट्रामही चालते आणि १८७०पासून डोंगर चढणारी, दोराने ओढली जाणारी मोनोंगहेला इन्क्लाइन ही गाडीही. पुढे थांब्यापर्यंत चालणंही जमेना झालं, तर ॲक्सेस नावाची सेवा आहे. आदल्या दिवशी सांगून ठेवलं की गाडी दारात येते. इतर प्रवाशांबरोबर जायची तयारी असेल, तर ६५च्या पुढच्यांच्या भाड्याचा ८५ टक्के भार लॉटरीच उचलते. गाडी हमखास मिनिटाच्या ठोक्याला येईल असं समजू नका, डॉक्टरच्या वेळेआधी भरपूर मोकळा वेळ ठेवा.

म्हणून घर कुठे घ्यावं याबद्दल माझं मत ठाम आहे: स्क्विरल हिल, शेडीसाइड, ओकलंड किंवा ट्रामच्या मार्गावरचं माउंट लेबनन. स्क्विरल हिलला फोर्ब्ज आणि मरे या दोन रस्त्यांच्या चौकातच ग्रंथालय, खाली उतरलं की किराणा, औषधं, बँक. ६१ नंबरच्या बसगाड्या तिथून ओकलंडला जातात. तिथे मोठी इस्पितळं, कला आणि निसर्गविज्ञान अशी दोन्ही कारनेगी संग्रहालयं आणि विद्यापीठं एकमेकांना लागून आहेत. कारनेगी मेलन आणि पिट (पिट्सबर्ग विद्यापीठ), दोन्हीकडे पन्नाशीच्या पुढच्यांसाठी ऑशर नावाचे हौसेने शिकायचे वर्ग चालतात. परीक्षा नाही, गृहपाठ नाही. आपली माणसं मात्र बहुतेक मनरोव्हिल या उपनगराकडे घर बघतात, कारण वाणसामान आणि हिंदू-जैन मंदिर तिथे, पेन हिल्सच्या टेकडीवरचं व्यंकटेश्वराचं देऊळही जवळ. मोह मला समजतो. पण देवळात आठवड्यातून एकदा जायचं, औषधांच्या दुकानात त्याहून जास्त वेळा. देवळासाठी मराठी मंडळातलं कोणी ना कोणी गाडीत घेतं.

आता घर बघताना. इथली घरं जुनी, विटांची, देखणी आणि जिन्यांनी भरलेली. रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या ते आधी मोजा, मग स्वयंपाकघर बघा. न्हाणीघर आणि झोपायची खोली एका मजल्यावर नसेल, तर तिथूनच परत फिरा किंवा लिफ्टच्या इमारतीत काँडो बघा. तळघरात भिंत ना आडोसा, असं एक उघडं कमोड दिसलं तर दचकू नका. त्याला पिट्सबर्ग टॉयलेट म्हणतात आणि लोकांना त्याचा अभिमानही आहे. घाबरायचं ते तळघरातल्या ओलीला. जमिनीतून घरात शिरणाऱ्या किरणोत्सारी रेडॉन वायूची तपासणी करून घ्या आणि सांडपाण्याच्या नळात कॅमेरा घालून बघायला सांगा. या भागाखाली कोळशाच्या जुन्या खाणी आहेत. जमीन खचून घराला तडे गेले तर नेहमीचा विमा पैसे देत नाही, त्यासाठी राज्याच्या पर्यावरण खात्याचा वेगळा विमा घ्यावा लागतो. एजंट आपणहून सांगेलच असं नाही.

टॅक्सकडे येऊ. पेनसिल्व्हेनिया सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे सरकारी पेन्शनवर, कर घेत नाही, निवृत्तीनंतर काढलेल्या नोकरीच्या पेन्शनवर आणि ४०१(के) या नोकरीतल्या बचतखात्यावरही नाही. व्याज, लाभांश, भाडं यांवर सरसकट ३.०७ टक्के. आपल्या लोकांचा घोटाळा इथे होतो: ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं आणि तिकडच्या एफडीचं व्याज याच ३.०७ टक्क्यांत येतं आणि भारतात भरलेल्या कराची वजावट हे राज्य देत नाही. मुलांकडे जाणाऱ्या वारशावर साडेचार टक्के, नवरा-बायकोत शून्य. प्रॉपर्टी टॅक्स जड आहे आणि गावागणिक बदलतो. मागच्या मालकाची पावती बघून हिशेब मांडू नका, नवीन किमतीवर आकारणी वाढली तर किती होईल ते वकिलाला विचारा. राहत्या घराच्या सवलतीचा, म्हणजे होमस्टेडचा अर्ज १ मार्चच्या आत भरा.

न्यू जर्सीवाल्यांसाठी एक जास्तीचं. घरविक्रीच्या नफ्यातले जोडप्याला पाच लाख डॉलर करमुक्त, त्यावरचा नफा त्या वर्षीच्या उत्पन्नात धरला जातो आणि दोन वर्षांनी मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यातल्या पार्ट बीचा, म्हणजे डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा, हप्ता वाढवतो. हप्ता वाढल्याचं पत्र आलं की लोक चक्रावतात. राज्य सोडताना घर विकलं की लागणाऱ्या ज्या 'एक्झिट टॅक्स'चा बाऊ करतात, तो वेगळा कर नाही, आगाऊ भरलेला कर आहे.

मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे खाजगी कंपनीमार्फत घेतलेली मेडिकेअर, असेल तर शहर बदलताना तो प्लॅन सुटतो. इथे यूपीएमसी आणि अलेघेनी हेल्थ नेटवर्क असे इस्पितळांचे दोन मोठे गट आहेत. तुमचा हृदयविकारतज्ज्ञ नव्या प्लॅनमध्ये आहे का, ते सही करण्याआधी बघा. आईवडिलांना ग्रीन कार्डावर आणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की मेडिकेअर विकत घेण्यासाठीही त्यांना इथे सलग पाच वर्षं राहावं लागतं. मुलाने कितीही वर्षं कर भरला असला तरी त्याचा यात उपयोग नाही.

हवा ढगाळ, डिसेंबर ते मार्च सूर्य पाहुण्यासारखा. ऑक्टोबरात टेकड्या रंगलेल्या पाहून सगळेच भाळतात, तुम्ही फेब्रुवारीत या आणि गाडी भाड्याने न घेता आठवडा काढा. घरासमोरच्या फुटपाथवरचं बर्फ काढणं घरमालकाचं काम, पण ज्येष्ठांच्या मदतीला शहराचे स्नो एंजल्स नावाचे स्वयंसेवक आहेत, आधी नाव नोंदवून ठेवा.

हिवाळ्यात पुण्याला जाणार असाल, आणि बरेच जण जातात, तर पाण्याचा मुख्य नळ बंद करा, हीटर पूर्ण बंद करू नका आणि घर किती दिवस रिकामं चालतं ते विमा कंपनीकडून लेखी घ्या. मेडिकेअर भारतात पैसे देत नाही, तिथला विमा वेगळा काढा. त्या चार महिन्यांचा हप्ता वाचवायला पार्ट बी मात्र बंद करू नका. पुन्हा घेताना दंड लागू शकतो आणि तो पुढे कायम भरावा लागतो.