ऑनलाइन खरेदी : माहिती मोजून द्यावी, पुरावा भरपूर ठेवावा

बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानातून कुकर घेताना दुकानदाराला आपले नावही सांगावे लागत नाही. झाकण लावून पाहावे, मूठ हलवून पाहावी, थोडी घासाघीस करावी, पैसे मोजावेत आणि पावती खिशात घालून घरी यावे, इतका तो व्यवहार सरळ असतो. तोच कुकर मोबाइलवरून मागवला की आपले नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, ईमेल आणि पैसे भरण्याचे साधन एवढे सगळे आधी समोरच्याच्या हवाली करावे लागते, आणि वस्तू दारात येईपर्यंत आपल्याकडे मात्र एका चित्रापलीकडे काहीच नसते. हे पारडे थोडे तरी आपल्याकडे झुकवायचे असेल तर खरेदीच्या प्रत्येक टप्प्यावर दोन गोष्टी तपासाव्यात : मागितलेली माहिती खरोखर द्यावी लागते का, आणि या टप्प्याचा पुरावा आपल्याकडे राहिला का. पुढचे सगळे मी कुकर डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे, कारण मी स्वतः ठेच खाल्ली ती कुकरच्याच खरेदीत.

खाते उघडताना

खरेदीसाठी वेगळा ईमेल पत्ता ठेवावा. बँक, आयकर आणि नोकरीच्या कामाचा पत्ता त्यासाठी वापरू नये. जीमेल वापरणाऱ्यांना नवा पत्ता काढण्याचीही गरज नाही. आपल्या पत्त्यात @ या चिन्हाच्या आधी + टाकून पुढे दुकानाच्या नावाचा एखादा शब्द जोडला, तरी पत्रे आपल्याच पेटीत येतात. उद्या त्या जोडलेल्या पत्त्यावर भलत्याच कुणाची कर्जाची जाहिरात आली, तर आपला पत्ता कुठून बाहेर गेला हे वेगळे शोधावे लागत नाही. काही संकेतस्थळे + हे चिन्ह स्वीकारत नाहीत, तिथे हा उपाय चालत नाही.

मोबाइल क्रमांकाला मात्र पर्याय नसतो, कारण पार्सल आणणाऱ्याला तो लागतो. घरात दुसरे सिमकार्ड असल्यास खरेदीसाठी ते वापरावे आणि बँक खात्याशी जोडलेला क्रमांक त्यापासून वेगळा ठेवावा. प्रत्यक्ष दुकानात बिल करताना क्रमांक मागितला जातो, तिथे तो देण्याचे बंधन नाही. ग्राहकाने क्रमांक दिल्याशिवाय बिल न करण्याच्या पद्धतीविरुद्ध केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये सूचना काढली होती. तरीही काउंटरवर कुणी क्रमांक विचारला की आपण तो पाढ्यासारखा म्हणून दाखवतो, ही सवय मोडायला मला बराच काळ लागला.

ॲप उतरवून घेतल्यावर ते ज्या परवानग्या मागते त्यांतल्या बहुतेक नाकारल्या तरी खरेदी अडत नाही. ठिकाणाची परवानगी देण्याऐवजी पिनकोड लिहावा. संपर्क यादीशी कुकर विकणाऱ्याचा काहीही संबंध नाही. कॅमेरा आणि मायक्रोफोन यांची परवानगी लागलीच, तर ‘फक्त ॲप वापरताना’ किंवा ‘प्रत्येक वेळी विचारा’ हा पर्याय निवडावा. आधीच सगळ्याला होकार देऊन बसलेल्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या नावावर जाऊन परवानग्या एकेक करून काढाव्यात. या कामाला दोन मिनिटे पुरतात.

विक्रेता कोण, वस्तू कोणती

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर दिसणारी वस्तू ती बाजारपेठ स्वतःच विकते असे नसते. आठवडी बाजाराची जागा एकाची आणि पाल टाकून बसलेला विक्रेता दुसराच, तसाच हा प्रकार असतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, वस्तूचा मूळ देश आणि परतीच्या अटी ग्राहकाला कळल्या पाहिजेत. वस्तूच्या पानावर ‘विक्रेता’ या शब्दापुढील नावावर बोट ठेवले की ही माहिती उघडते. पत्ता अर्धवट असेल किंवा नावापुढे काहीच उघडत नसेल, तर स्वस्ताई कितीही मोहात पाडो, तिथून वस्तू घेऊ नये.

कुकरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. घरगुती प्रेशर कुकरला भारतीय मानक आयएस २३४७ सक्तीचे आहे आणि त्यावर आयएसआय चिन्ह असावेच लागते. तरीही मानकात न बसणारे कुकर ऑनलाइन विकले गेल्यामुळे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दोन मोठ्या बाजारपेठांना प्रत्येकी १ लाख रुपयांचा दंड केला आणि विकलेले कुकर परत घेऊन ग्राहकांचे पैसे देण्यास सांगितले. म्हणजे बाजारपेठ नावाजलेली आहे, एवढ्यावर विसंबून चालत नाही. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो टाकला की परवाना कोणत्या उत्पादकाचा आहे आणि तो चालू आहे की नाही, हे दिसते. कुकर हातात आल्यावर ही तपासणी करावीच. वस्तूच्या छायाचित्रात क्रमांक वाचता येत असेल, तर ती मागवण्याआधीच करावी.

ग्राहकांचे अभिप्राय वाचताना पाच ताऱ्यांचे आणि एका ताऱ्याचे सोडून दोन-तीन ताऱ्यांचे आधी वाचावेत. ‘शिटी नीट होते, पण रिंग दोन महिन्यांत सैल झाली’ असे उपयोगाचे वाक्य तिथेच सापडते. एकाच आठवड्यात एकाच धाटणीच्या स्तुतीचा पूर आलेला दिसला, तर तो सोडून द्यावा. छापील किमतीवरच्या ‘७० टक्के सूट’ या शब्दांकडेही लक्ष देऊ नये. त्याच नमुन्याचा कुकर दुसऱ्या दोन ठिकाणी कितीला मिळतो, तेवढेच पाहावे.

मागणी नोंदवण्यापूर्वी वस्तूच्या पानाचे दोन स्क्रीनशॉट घ्यावेत : एकात वर्णन, लिटर आणि किंमत, दुसऱ्यात विक्रेत्याचे नाव, परतीची मुदत आणि वस्तू पोहोचण्याची तारीख. हे पान विक्रेत्याला नंतर बदलता येते, हे लक्षात ठेवावे.

पैसे भरताना

टोपलीतली रक्कम आणि शेवटच्या पानावरची रक्कम यांत फरक दिसला तर तिथेच थांबावे. मधल्या पानांवर विमा, देणगी किंवा ‘विशेष वेष्टन’ गुपचूप टोपलीत टाकलेले असते. अशा फसव्या रचनांना डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी त्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढून तेरा प्रकारांना मनाई केली. ‘फक्त २ शिल्लक’ अशी खोटी घाई, शेवटच्या क्षणी उघड होणारे शुल्क, सुरू करायला एक बोट आणि बंद करायला सात पाने लागणारी वर्गणी, हे सगळे त्यांत आहे. संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवण्यास तर २०२० च्या नियमांतच मनाई आहे. अशी खूण दिसली की स्क्रीनशॉट घ्यावा, मग ती काढावी.

कार्डाची माहिती साठवून ठेवावी का, असे पुष्कळ जण विचारतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानाला कार्डाचा पूर्ण क्रमांक स्वतःकडे ठेवता येत नाही. त्याच्या जागी टोकन नावाचा पर्यायी क्रमांक त्या दुकानापुरता तयार होतो. वारंवार खरेदी होणाऱ्या एका-दोन ठिकाणी टोकन ठेवायला माझी हरकत नाही. वर्षातून एकदा जिथे जायचे, तिथे मात्र पाहुण्यासारखी खरेदी करून बाहेर पडावे. लहान मुलांच्या हाती जाणाऱ्या फोनवर खेळांच्या निमित्ताने पैसे जाऊ नयेत म्हणून प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी सक्तीची करून ठेवावी.

नव्या, अनोळखी संकेतस्थळावर वस्तू आल्यावर पैसे देण्याचा पर्याय बरा, पण तो रामबाण नव्हे. खोके उघडण्याआधीच पैसे द्यावे लागत असतील, तर आत दगड निघाला तरी पैसे गेलेलेच असतात. त्यापेक्षा दारात खोके उघडून दाखवण्याची सोय असेल तर ती घ्यावी, किंवा क्रेडिट कार्ड वापरावे, कारण वस्तू न आल्यास बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे भरलेले पैसे परत मागण्याचा, दावा करता येतो.

पार्सल दारात आल्यावर

माझा पाच लिटरचा कुकर आला त्या दिवशी घरी पाहुणे होते. खोके घाईत उघडले, कुकर ओट्यावर ठेवला, आणि रिकामे खोके दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला गेले. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा वरण-भात लावताना मुठीजवळ बारीक तडा दिसला. तक्रार केली तेव्हा पलीकडच्या मुलीने अतिशय नम्रपणे खोक्यावरच्या लेबलचे छायाचित्र मागितले. ते माझ्याकडे नव्हते. त्या विक्रेत्याचे नाव मी लिहीत नाही, पण त्यांनी तक्रार बंद केल्याचा संदेश यायला दहा मिनिटेही लागली नाहीत. मीही वैतागून नाद सोडला आणि मूठ बाजारातून बदलून आणली.

त्यामुळे आता आमच्या घरी शिरस्ता असा : सील न तुटलेले खोके चारही बाजूंनी आणि लेबल स्पष्ट वाचता येईल असे चित्रित करायचे, त्याच चित्रफितीत न थांबता खोके उघडायचे, आणि वस्तू बाहेर काढून फिरवून दाखवायची. कुकर असेल तर झाकण लावून, मूठ, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि रिंग एकेक करून कॅमेऱ्यापुढे धरायची. वेष्टन फाटलेले दिसले तर पार्सल घ्यायचेच नाही. परतीची मुदत संपेपर्यंत खोके माळ्यावर ठेवायचे.

त्यानंतर खोके भंगारात देण्याआधी लेबल सोलून त्याचे तुकडे करावेत. आपले नाव, घराचा पत्ता आणि बऱ्याचदा फोन क्रमांकही त्यावर असतो. आपण ऑनलाइन जगात गुप्ततेची काळजी करतो आणि तीच माहिती चिकटपट्टीने खोक्यावर लावून गल्लीत ठेवून देतो.

नंतर येणारे फोन

पत्ता अपूर्ण असल्याने पार्सल अडकले आहे, ५ रुपये भरा, असा संदेश आला तर त्यातला दुवा उघडू नये. आपल्या मागणीची स्थिती ॲपमध्येच पाहावी. परताव्यासाठी ग्राहक सेवेचा क्रमांक सर्च इंजिनवर शोधणे हा तर पैसे घालवण्याचा राजमार्ग आहे, कारण ठगांनी आपले क्रमांक तिथे पेरून ठेवलेले असतात. क्रमांक ॲपमधल्या मदतीच्या पानावरूनच घ्यावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. परतावा देतो म्हणून पिन टाकायला, स्क्रीन शेअर करणारे ॲप घ्यायला किंवा व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरचे ॲप, बसवायला कुणी सांगितले, तर फोन ठेवून द्यावा.

तरीही पैसे गेलेच, तर आधी बँकेला कळवावे आणि लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार गेली तर ती रोखता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक आपली किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाकडून गैरव्यवहार झाला असेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवले असेल, तर ग्राहकावर कोणतेही दायित्व येत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास ते मर्यादित राहते. ओटीपी किंवा पिन आपणच दिला असल्यास मात्र बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्यालाच सोसावे लागते, म्हणून संकोचापायी एक तासही घालवू नये.

तक्रार कशी करावी

‘ही वस्तू परत घेतली जाणार नाही’ असे पानावर लिहिलेले असले, तरी वस्तू सदोष, बनावट, जाहिरातीपेक्षा वेगळी किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आलेली असेल, तर २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. पहिली तक्रार फोनवर करू नये, लेखी करावी. तिच्यात मागणी क्रमांक, तारीख, दोष आणि आपल्याला नेमके काय हवे, म्हणजे बदली वस्तू की पैसे, हे चार ओळींत लिहावे. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि एका महिन्यात तक्रार सोडवावी, असे नियम सांगतो. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असतो, अर्थात सगळ्यात खालच्या, बारीक अक्षरांच्या ओळीत.

तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतही तक्रार नोंदवता येते. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते, पण बऱ्याचशा तक्रारी एवढ्यावरच मिटतात. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे तिथे चालतात, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे विक्रेता कुठलाही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. ती घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून घरबसल्याही ती दाखल होते. बिल, स्क्रीनशॉट, चित्रफीत आणि लेखी तक्रारीची पोच तारखेच्या क्रमाने लावून जोडावी.

प्रकरण मिटल्यावर त्या दुकानाशी पुन्हा संबंध ठेवायचा नसेल, तर नुसते ॲप काढून टाकू नये, कारण त्याने खाते आणि त्यातला पत्ता तसाच राहतो. आधी बिले उतरवून घ्यावीत, जपलेली कार्डे आणि पत्ते काढावेत, मग सेटिंगमधून खाते बंद करण्याची विनंती द्यावी, तिची पोच ईमेलवर आली की नाही ते पाहावे आणि त्यानंतरच ॲप काढावे.