परदेशात सायकलफेऱ्यांसाठी मुक्कामाचं गाव कसं निवडावं

नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर किंवा ठाण्यात उपवनच्या बाजूला रविवारी सकाळी सायकल चालवणाऱ्यांत साठीच्या आसपासची मंडळी बरीच असतात. त्यांना वेगाची हौस नसते. निवांत फिरावं, वाटेत चहा घ्यावा, उन्हं चढायच्या आत घरी यावं, एवढंच हवं असतं. युरोपात अशी भटकंती करायची असेल तर रोज बॅगा बांधून पुढचं गाव गाठण्याच्या फंदात पडू नका. एकाच गावात आठवडाभर घर भाड्याने घ्या, सकाळी निघा, संध्याकाळी परत या आणि आपल्या हातचा वरणभात जेवा. मात्र ते गाव सुंदर आहे का, हा प्रश्न नंतरचा. तिथे संध्याकाळी न दमता परत येता येतं का, हे आधी पाहायचं.

आधी आपलं अंतर ओळखा

वाशीहून बेलापूरला जाऊन परत आलं की साधारण वीस किलोमीटर होतात. असं लागोपाठ तीन दिवस करा. तिसऱ्या दिवशीही गुडघे आणि बैठक कुरकुरली नाही, तर तिकडच्या सपाट वाटांवर थांबत-थांबत तीस-पस्तीस किलोमीटर सहज झेपतील. सोबतच्या माणसाची ताकद कमी असेल तर त्याच्याच हिशेबाने बेत आखा. येऊरच्या चढावर ज्यांना उतरून सायकल ढकलावी लागते, त्यांनी डोंगराळ भाग सोडून नदीकाठ, कालवे किंवा तळ्याकाठ निवडावा. बॅटरीवरच्या सायकली सगळीकडे भाड्याने मिळतात. युरोपीय नियमांनुसार त्यांची मदत ताशी 25 किलोमीटरला थांबते, त्यामुळे त्या हाताबाहेर जातील ही भीती नको.

नकाशावर आधी स्टेशन शोधा

ठाण्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको: जिथे चार दिशांच्या गाड्या मिळतात तिथे राहिलेलं बरं. नेदरलँड्समधलं उट्रेख्त तसंच आहे. देशाच्या मधोमध, ॲमस्टरडॅमच्या विमानतळावरून रेल्वेने साधारण अर्ध्या तासावर. स्टेशनाखाली 12,500 सायकलींचा तळ आहे, यावरून त्या गावाचा स्वभाव कळावा.

या देशात चढ फारसे नाहीत, पण वारा आहे, आणि तो बहुतेक वेळा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. समोरचा वारा दिवसभर अंगावर घेणं म्हणजे घोडबंदरचा गायमुख घाट पुन:पुन्हा चढणं. म्हणून सकाळी सायकलसकट गाडीने पश्चिमेला गौडाला जा आणि आउडेवाटरवरून, कालव्यांच्या आणि कुरणांच्या काठाने, वारा पाठीवर घेत परत या. दम लागला तर वाटेत वूर्डेनला वळून गाडी पकडता येते. सायकलसाठी वेगळं तिकीट लागतं, आणि कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा या गर्दीच्या वेळांत सायकल गाडीत नेता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये ही अट नसते. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड राहतो, त्यामुळे साडेसहानंतर गाडीत बसलात तरी काही बिघडत नाही.

वाट चुकायची भीतीही तिथे फारशी नाही. सायकलवाटांच्या प्रत्येक नाक्याला आकडा दिलेला असतो. सकाळी चार-पाच आकडे कागदावर लिहून घ्यायचे आणि फलक बघत जायचं. ही पद्धत 1995 साली शेजारच्या बेल्जियममध्ये, लिम्बर्ग प्रांतात सुरू झाली. ती एका खाण-अभियंत्याला सुचली होती.

डोंगर डोळ्यांना हवा पण पायांना नको, अशांनी ऑस्ट्रियातलं क्रेम्स पाहावं. डॅन्यूब नदीवरचं हे गाव व्हिएन्नाहून रेल्वेने तासाभरावर आहे. हंगामात क्रेम्सहून मेल्कला बोटी जातात आणि त्यांत सायकली घेतात. प्रवाहाविरुद्ध बोटीने जायचं आणि द्राक्षमळ्यांतून, जर्दाळूच्या बागांमधून प्रवाहाबरोबर साधारण 35 किलोमीटर खाली यायचं. मध्ये श्पिट्झला पलीकडच्या काठाला नेणारी एक नाव आहे. तिच्यातून जरूर जा, पलीकडचा काठ जास्त शांत आहे.

घर बघताना

स्टेशनापासून चालत दहा-पंधरा मिनिटांच्या आत बघा. सायकल ठेवायला तळमजल्यावर कुलूपबंद जागा आहे का, हे घरमालकाला स्पष्ट विचारा. जुन्या इमारतींचे जिने अरुंद असतात, वीस-पंचवीस किलोची बॅटरीची सायकल वर नेणं शक्य नाही. वॉशिंग मशीन हवंच. ऑस्ट्रिया-जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा भाजी-दूध शनिवारीच भरून ठेवा. या देशांना लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा लागतो, म्हणून रद्द केल्यास पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा. किमान 30,000 युरोचा प्रवासविमाही लागतो. त्यात सायकल चालवताना झालेला अपघात धरलेला आहे का, ते वाचून घ्या.

सायकल घेताना

दुकानाला आपली उंची सेंटीमीटरमध्ये आधीच कळवा. डच माणसं उंच, त्यामुळे लहान फ्रेम ऐन वेळी मिळेलच असं नाही. तिकडच्या बऱ्याच सायकलींना पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. आपल्याला थांबल्यावर पायडल मागे फिरवायची सवय असते, तिथे ती घात करू शकते. हँडब्रेक असलेली मागा, आणि कुठला ब्रेक पुढच्या चाकाचा ते दुकानातच तपासून घ्या.

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. तिथे वाहतूक उजवीकडून चालते. डावीकडे वळताना आणि गोल चौकात आपली नजर सवयीने चुकीच्या बाजूला जाते. जवळच्या एखाद्या गावापर्यंत पाच-सात किलोमीटर जा, गर्दी नसलेले दोन-तीन चौक पुन:पुन्हा ओलांडा, आणि मगच दुसऱ्या दिवशीच्या गाडीची वेळ बघा.