अपॉस्ट्रॉफी 'एस'च्या आधी की नंतर?

इंग्रजीत मालकी दाखवताना अपॉस्ट्रॉफी, म्हणजे शब्दाच्या वरच्या बाजूला येणारे (’) हे चिन्ह, 'एस'च्या आधी द्यायची की नंतर, इथे हात अडखळतो. 'एस' बाजूला ठेवा, आधी मालक कोण ते ठरवा.

१. मालकाचा शब्द पूर्ण लिहा. एक मुलगी असेल तर 'गर्ल', अनेक असतील तर 'गर्ल्स'.
२. त्या शब्दात काहीही न बदलता शेवटी अपॉस्ट्रॉफी द्या.
३. शब्द अनेकवचनाच्या 'एस'ने संपत असेल तर थांबा. नाहीतर पुढे 'एस' जोडा.

'चिल्ड्रन' आणि 'मेन' अनेकवचनीच आहेत, पण शेवटी 'एस' नाही. म्हणून तिथे आधी चिन्ह, मग 'एस'. 'बॉस'च्या शेवटी 'एस' दिसतो खरा, पण तो अनेकवचनाचा नव्हे, म्हणून चिन्हानंतर आणखी एक 'एस' येतो. ही पायरी घाईत सुटते, तिथे जरा थांबाच.

मालकीदर्शक सर्वनामांना मात्र ही युक्ती लावू नका. 'हर्स', 'अवर्स', 'युअर्स', 'देअर्स' यांत अपॉस्ट्रॉफी कधीच नसते. मालकीच्या 'इट्स'मध्येही नसते, आणि भले भले लिहिणारे नेमके इथेच चुकतात. शंका आली की 'इट्स'च्या जागी 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून वाक्य मोठ्याने वाचा. अर्थ लागला तर चिन्ह द्या. 'द डॉग वॅग्ड इट्स टेल' या वाक्यात दोन्ही बसत नाहीत, म्हणून तिथे चिन्ह नको.